गेट नंबर दोनची चावी : एका डाळमिलमधल्या तयारीच्या नोंदी

५ मार्च २०२५

काल राष्ट्रीय सुरक्षा दिन झाला. सकाळी साडेनऊला पटांगणात सगळ्यांनी हात पुढे करून शपथ घेतली, शेठनी बिल्ले वाटले, कचोरी-चहा झाला, फोटो ग्रुपवर गेला. सगळे पांगत असताना मुकादम माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "भाऊ, शपथ झाली ते बरं झालं. पण आप्पा पडला तेव्हा आपण काय केलं, ते कोनी बोललंच नाही."

खरं बोलला. म्हणून ही वही काढली.

मी जळगाव एमआयडीसीतल्या एका डाळमिलमध्ये स्टोअर आणि टाइम ऑफिस बघतो. डॉक्टर नाही, सेफ्टी ऑफिसरही नाही. १९४८ च्या कारखाने कायद्याप्रमाणे सेफ्टी ऑफिसर लागतो तो हजार कामगारांपासून पुढे, आणि आम्ही सगळे मिळून ८६. त्यात ३४ पगारी, ३१ हमाल आणि पटांगणावरची पोरं, २१ बायका निवडाईला. शेठ म्हणाले, "तूच बघ. खर्च सांग, पण आधी काय चुकतं ते सांग." म्हणजे बजेट नाही, अभ्यास आहे.

६ मार्च

दुपारभर ऑफिसात बसून ११ फेब्रुवारीचं सीसीटीव्ही पाहिलं. त्या दिवशी मीही तिथेच होतो. माझ्या आठवणीप्रमाणे सगळं पाच-दहा मिनिटांत झालं होतं.

११ वाजून ८ मिनिटांनी आप्पा पोत्यांच्या थप्पीवरून खाली उतरतात, एका कट्ट्यावर (भरलेल्या पोत्यावर) बसतात, हात छातीवर. "मले काही नई व्हयनं, गॅस शे फक्त." ११:१२ ला कुणीतरी सोड्याची बाटली आणतं. ११:१९ ला उलटी. फेब्रुवारीच्या सकाळी माणसाचा शर्ट पाठीला चिकटलाय, आणि आम्ही चौघं जण त्याच्या पाठीवरून हात फिरवतोय. ११:२७ ला पहिला फोन होतो, तो शेठना. १०८ ला फोन जातो ११:३१ ला. गाडी आमच्या मागच्या भिंतीशी येते ११:४९ ला. गेट नंबर दोनला कुलूप. चावी दिवाणजींच्या खिशात आणि दिवाणजी बँकेत. गाडी वळसा घालून पुढच्या गेटला जाते, तिथे वजनकाट्यावर तुरीचा ट्रक आडवा. आत येते ११:५८ ला.

एकूण ५० मिनिटं. त्यात गाडीची १८, आमची ३२. कागदावर वजाबाकी केली आणि बराच वेळ तसाच बसलो. आजपर्यंत सगळ्यांना मीच सांगत होतो, गाडीला उशीर झाला म्हणून.

आप्पा वाचले, स्टेंट पडला, घरी आहेत.

१० मार्च

प्रथमोपचार पेटी. त्याच कारखाने कायद्याचं कलम ४५ सांगतं की दर १५० कामगारांमागे एक पेटी हवी आणि ती प्रशिक्षित माणसाच्या ताब्यात, कामाच्या वेळात हाताशी हवी. आमची पेटी आहे, काचेच्या कपाटात आहे, कपाटाला कुलूप आहे. "चोरी होते" हे कारण. चोरी कशाची होते विचारलं, तर बँडेजच्या पट्ट्यांची. हमालांच्या हाताला आकडा लागतो, सुतळीने चिरा पडतात, म्हणून ते पट्ट्या घेतात. म्हणजे पेटी ज्यासाठी ठेवली त्यासाठीच वापरली जाते, आणि आम्ही त्याला चोरी म्हणतो.

आत निघालं ते असं : २०१९ मध्ये मुदत संपलेलं मलम, कडक झालेला चिकटपट्टीचा रोल, कापूस (त्यात पाल), आणि सर्पदंशासाठीचं एक लॅन्सेट. जुन्या सरकारी याद्यांत ते असायचं, चावलेल्या जागी चिरा देण्यासाठी. आज कुठलाच डॉक्टर चिरा द्या म्हणत नाही, आवळून बांधा म्हणत नाही, तोंडाने विष ओढा तर मुळीच नाही. हातपाय हलू द्यायचा नाही, माणसाला चालवायचं नाही आणि प्रतिविष असलेल्या दवाखान्यात न्यायचं, एवढंच. आमच्या भुशीच्या शेडमध्ये उंदीर आहेत, त्यामुळे नागही येतो, घोणसही येते. लॅन्सेट टाकून दिलं.

कुलूप काढलं. पट्ट्यांचा वेगळा डबा थप्पीजवळ टांगला, लागेल त्याने घ्यावा. पेटीत जाड गॉज, रुंद रोलर बँडेज, हातमोजे, कात्री, मीठ-साखरेची पाकिटं, थर्मामीटर. आणि स्वच्छ प्लॅस्टिक पिशव्या. पिशव्या कशाला, असं शेठनी विचारलं. बेल्टमध्ये बोट गेलं तर तुटलेला तुकडा ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून पिशवीत घालायचा आणि ती पिशवी बर्फावर ठेवायची. तुकडा थेट बर्फात टाकला तर तो वाया जातो. शेठनी पुढे विचारलं नाही.

१८ मार्च

आज पत्त्याचं काम. साधं वाटलं होतं, दिवस गेला.

१०८ चा फोन पुण्याला लागतो. तिथे बसलेल्या मुलीला "डाळमिलजवळ या" म्हणून काय कळणार? इथे ओळीने डाळमिला आहेत, त्यांच्यामध्ये चटईचे कारखाने आहेत. सहा जणांना वेगवेगळं बोलावून विचारलं, "समज फोन तुला करायचाय, पत्ता सांग." सहा उत्तरं आली. एकाने शेठचं आडनाव सांगितलं. एकाने "त्या पिवळ्या टाकीच्या मागं" सांगितलं, ती टाकी आता निळी आहे. प्लॉट नंबर एकालाही येत नव्हता. दिवाणजींनासुद्धा बिल बघून सांगावा लागला.

मोठ्या अक्षरांत बोर्ड रंगवून घेतले, पाच ठिकाणी : सेक्टरचं अक्षर, प्लॉट नंबर, कुठल्या रस्त्याने वळायचं, कोणत्या गेटने आत यायचं. खाली तीन ओळी. माणूस शुद्धीत आहे का? श्वास घेतोय का? समोरच्याने ठेवल्याशिवाय फोन ठेवू नका. रंगाऱ्याने "श्वास"चा "श्वस" केला होता, तो दुरुस्त करून घेतला.

एक उपयोगी गोष्ट पोरांना माहीत नव्हती. बंद फोनच्या पडद्यावरूनही इमर्जन्सी कॉल लागतो. पडलेल्या माणसाचा फोन उघडायला त्याचा अंगठा शोधायची गरज नाही.

२७ मार्च

प्रशिक्षण. शेठच्या ओळखीचे डॉक्टर आले, सोबत छातीपर्यंतचा रबरी पुतळा. बारा जण निवडले होते, बघायला चाळीस जमले.

पहिला वाद फिटचा. निवडाईतल्या एका बाईला वर्षातून एक-दोनदा फिट येते. आजवरचा उपाय म्हणजे चप्पल हुंगवा, कांदा फोडून नाकाशी धरा, दातात चमचा घाला. डॉक्टर म्हणाले, चमच्याने दात तुटतात आणि तुटलेला दात श्वासनलिकेत जातो. आजूबाजूचं सामान हटवा, डोक्याखाली ओढणी ठेवा, झटके थांबले की कुशीवर वळवा, घड्याळ बघा. पाच मिनिटांपुढे झटके चालले तर १०८. मागून कुणीतरी म्हणालं, "पण चप्पल लावली की थांबते ना!" डॉक्टर म्हणाले, "दोन मिनिटांत ती तशीही थांबते. श्रेय चपलेला मिळतं." हशा झाला, पण पटलं नाही हे तोंडांवर दिसत होतं. चपलेचं पुढे बघू.

मग छाती दाबणं. माणूस हाकेला उत्तर देत नाही आणि श्वास घेत नाही, किंवा मधूनच घोरल्यासारखा घशातून आचका येतो. तो आचका म्हणजे श्वास नाही, हे डॉक्टरांनी तीनदा सांगितलं. लोक तिथेच फसतात, "श्वास चालू आहे" म्हणून थांबतात. तळहाताची टाच छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या अर्ध्यावर, दुसरा हात वर, कोपर ताठ. पाच ते सहा सेंटिमीटर खाली, पुन्हा पूर्ण वर येऊ द्यायचं, मिनिटाला १०० ते १२० वेळा. दोन मिनिटांनी माणूस बदलायचा, कारण थकलेला माणूस वरवर दाबतो आणि त्याला ते कळत नाही.

हमाल जोरात दाबत होते, पण फार भराभर. फिटर अगदी हळू, नट आवळल्यासारखा. जमलं ते निवडाईतल्या मावशींना, पहिल्याच झटक्यात. पुतळ्यातली खटका वाजवणारी पट्टी दर दाबाला वाजत होती. डॉक्टरांनी विचारलं, आधी शिकलात का? "नाही हो. कळण्याचं पीठ मळतस ना, तसंच शे हाई." आणि खरंच, भाकरीचं पीठ मळताना बोटं वर राहतात आणि तळहाताची टाच रेटते. त्यानंतर सगळ्यांना तेच सांगितलं, मळा. नंतर जमलेल्या पुरुषांपैकी निम्म्यांनी घरी कधी पीठ मळलेलं नव्हतं, तो भाग वेगळा.

गती बसवली ती मापाड्याने. तो एकला एक म्हणत नाही, "लाभ" म्हणतो : लाभ, दोन, तीन, चार... त्याच्या नेहमीच्या चालीवर सगळ्यांनी मोजलं तर फार सावकाश होत होतं. जरा घाई करायला सांगितली आणि घड्याळ लावलं, मिनिटाला १०८ भरले. आता हा आकडा कुणाला पाठ करायला नको.

बायकांच्या बाबतीत एक अडचण कुणी उघड बोलत नव्हतं. बाई पडली तर छातीला हात कोण लावणार? मावशीच म्हणाल्या, "मरण दारात असताना कोन लाज पाहतं? पण तरी आमच्यातल्या दोघी शिकू द्या." चौघी शिकल्या.

विजेचा धक्का देऊन हृदय पुन्हा ताळ्यावर आणणारं यंत्र, एईडी, लाखाच्या घरात जातं. धक्का लागण्याजोगी धडधड असेल तर उशिराच्या प्रत्येक मिनिटाला वाचण्याची शक्यता साधारण सात ते दहा टक्क्यांनी घटते, म्हणजे अठरा मिनिटांनी येणाऱ्या गाडीतल्या यंत्राच्या भरवशावर राहण्यात अर्थ नाही. शेठ म्हणाले, शेजारच्या दोन मिलांना विचारू, तिघांत एक घेऊ. मला ते पटलं, एका अटीवर. ते यंत्र कुणाच्याही ऑफिसात कुलपात राहणार नाही.

दोघांना प्रमाणपत्राच्या कोर्सला पाठवायचं ठरलं. रेड क्रॉस आणि सेंट जॉन अँब्युलन्सची प्रमाणपत्रं चालतात, तीन वर्षांनी नव्याने करावी लागतात.

९ एप्रिल

गेट दोनची चावी वॉचमनच्या केबिनमध्ये, लाल फितीत, खिळ्याला. दुसरी ऑफिसात. दिवाणजी नाराज आहेत.

२३ एप्रिल

आज जे झालं ते लिहून ठेवतो, झोप येणार नाही तशीही.

दुपारी दोन चाळीस. शेडमधल्या थर्मामीटरवर ४४. पटांगणावर तेल-पाणी लावलेली तूर पसरलेली, चार पोरं दाताळ्याने ती उलटी करत होती. त्यातला एक सातपुड्याकडचा पावरा मुलगा, विशीचा, फेब्रुवारीतच लागलेला. तो दाताळं टाकून उभा राहिला आणि बोलायला लागला. मुकादमाला वाटलं पावरी बोलतोय. आम्हाला कुणाला ती येत नाही, म्हणून कुणी लक्ष दिलं नाही. त्याच्या गावचा दुसरा पोरगा धावत आला, "भाऊ, हा काहीही बोलतो आहे. पावरी नाही हे."

यावर मी नंतर खूप विचार केला. भान गेलंय की नाही हे कळण्याची पहिली खूण बोलणं, आणि त्याची भाषा जाणणारा त्या पटांगणावर एकच होता. तो जेवायला गेला असता तर?

अंगाला हात लावला तर भट्टी. खिशात कांदा होता, उन्हाला म्हणून सगळेच ठेवतात. कांद्याला माझी हरकत नाही, पण त्याच्या भरवशावर चौघं बिनसावलीत उभी होती. मावशींनी फोन केला आणि प्लॉट नंबर बिनचूक सांगितला. आम्ही पोराला शेडमध्ये ओढलं, शर्ट कापला. नळी लावली तर गच्चीवरच्या टाकीचं पाणी चहाइतकं गरम. हे आधी कुणाच्या लक्षात यायला हवं होतं, माझ्याच. निवडाईतले दोन्ही माठ अंगावर रिकामे केले, समोरच्या रसवंतीवरून बर्फाची अर्धी लादी आणली, पोत्यात फोडली, मान-काखा-जांघांत पोती ठेवली, निवडाईतला मोठा कूलर तोंडाशी ओढला. काखेतलं थर्मामीटर १०४.६ दाखवत होतं. कुणीतरी तापाची गोळी आणली. उष्माघातात ती काम करत नाही, परत पाठवली. कुणीतरी पाणी पाजायला लागलं, तेही थांबवलं. भान नसलेल्याच्या तोंडात पाणी घातलं तर ते फुप्फुसात जातं.

गाडी २१ मिनिटांनी आली, गेट दोनमधून, सरळ. तोवर पोरगा "याहा, याहा" म्हणत होता. त्याच्या गाववाल्याने सांगितलं, आईला हाक मारतोय. मला तेव्हा जरा बरं वाटलं.

आधी थंड करायचं, मग हलवायचं. गाडीतल्या डॉक्टरांनीही हेच सांगितलं, की नुसतं उचलून आणला असता तर रस्त्यात वेळ गेला असता.

२६ एप्रिल

पोरगा घरी गेला, ठीक आहे. पण दवाखान्यात (नाव लिहीत नाही) अनामत भरल्याशिवाय दाखल करायला वेळ लावला. आमचीही चूक तेवढीच. ठेकेदाराने त्याची राज्य कामगार विमा योजनेत (ईएसआय) नोंदच केली नव्हती. महिना २१ हजारांपर्यंत वेतन असलेल्याची नोंद व्हायलाच हवी, आणि ठेकेदाराने नाही केली तर वर्गणीची जबाबदारी मूळ मालकावर येते. आज ३१ पैकी ९ नावं बिनानोंदीची निघाली. प्रथमोपचाराच्या वहीत हे कशाला, असं दिवाणजींनी विचारलं. कारण पैशाची घासाघीस दारात होते, आणि माणूस स्ट्रेचरवर असतो.

पटांगणाचं काम आजपासून सकाळी सहा ते अकरा आणि साडेचारनंतर. तूर वाळायला अर्धा दिवस जास्त लागेल. शेठनी हिशेब केला आणि हो म्हणाले. नवीन पोराला पहिले दहा दिवस निम्मंच ऊन. शरीराला सवय व्हायला तेवढे लागतात.

२९ एप्रिल

उद्या आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. निवडाईत आज सातच बायका, बाकीच्या माहेरी झोक्यावर. ठरलेली रंगीत तालीम पुढे ढकलली.

१७ मे

तालीम, न सांगता. चार कट्टे एकावर एक, त्यांना शर्ट-पँट घातलेली, एलेव्हेटरशेजारी (धान्य वर चढवणाऱ्या यंत्राशेजारी) आडवे. (कुणीतरी त्याला शेठचं नाव ठेवलं. शेठना कळलं, हसले.) मी ओरडलो, "माणूस पडला!" आणि घड्याळ चालू केलं.

सोळा माणसं जमली. पाच जणांनी फोन काढले, पाचही व्हिडिओ काढायला. छाती दाबायला मावशी चाळीस सेकंदांत पोचल्या, ते उत्तम. पण साडेचार मिनिटांनी मी विचारलं, १०८ ला कुणी फोन लावला? फिटरला वाटलं मुकादमाने लावला, मुकादमाला वाटलं फिटरने. तिथेच थांबवलं.

आता नियम असा की "कुणीतरी फोन करा" म्हणायचं नाही. बोट दाखवून, हाक मारून सांगायचं : तू फोन, तू पेटी, तू गेट, आणि गेटवाल्याने रस्त्यापर्यंत जाऊन हात दाखवायचा. दुसऱ्यांदा केलं तेव्हा पन्नास सेकंदांत फोन. गेट दोनसमोर मात्र चुनीचा (डाळीच्या चुऱ्याचा) टेम्पो उभा होता, ड्रायव्हर चहाला. तिथे पिवळे पट्टे मारून घेणार.

आप्पा आज बघायला आले होते, मुलाच्या गाडीवर बसून. थोडा वेळ बघितलं, म्हणाले, "माझ्या टायमाला सोडा लवकर आला होता."

६ जून

पाऊस जवळ आला, गोदामात कीड. थप्प्यांवर ताडपत्री टाकून फॉस्फाइडच्या गोळ्या ठेवायची वेळ. हवेतल्या ओलीने त्यातून फॉस्फीन वायू सुटतो, सडक्या माशासारखा किंवा लसणासारखा वास येतो, आणि त्यावर उतारा नाही. वास आला नाही म्हणजे धोका नाही, असंही समजायचं नाही.

परवान्याच्या माणसाकडूनच करून घेतलं. दाराला बोर्ड, तारीख, उघडायचा दिवस. आणि एक गोष्ट, जी इतकी वर्षं डोळ्यासमोर होती. वॉचमनची खाट गोदामाच्या भिंतीला लागून, वरच्या जाळीखाली. आज खाट गेटशी हलवली. उरलेल्या राखेवर पाणी मारायचं नाही, हेही झाडूवाल्या मामांना दोनदा सांगितलं.

याच नोंदीत तुरीचा हौद. कुणी आत धसला तर त्याच्यामागे उडी मारायची नाही, आधी खालचं तोंड आणि एलेव्हेटर बंद. तसंच गोदामाचं. आत पडलेल्याला काढायला धावलेला दुसराही पडतो. हे सांगितलं तेव्हा हमाल गप्प झाले. भावाला आत सोडून बाहेर कसं उभं राहायचं, असं एकाने विचारलं. मला उत्तर देता आलं नाही. दोर आणि कमरपट्टा मागवला आहे.

२१ जून

रात्रपाळीची पहिली तालीम. विषय, शॉक. पावसाळ्यात पॉलिश मशीनच्या पॅनेलशी पाणी साचतं. धक्का लागून चिकटलेल्या माणसाला हात लावायचा नाही, आधी मेन बंद करायचा, हे सगळ्यांना तोंडपाठ होतं. मी ओरडताच ऑपरेटर मेनकडे पळाला. चांगला पळाला.

मेन स्विच रूमला कुलूप. चावी ऑफिसात. ऑफिसला कुलूप. ऑफिसची चावी दिवाणजींकडे, आणि दिवाणजी मेहरुणला, घरी, झोपलेले.

रात्री सव्वाअकराला फोन केला. काही वेळ पलीकडून आवाजच नाही. मग म्हणाले, "उद्या सकाळी सुताराला पाठवा. काचेची पेटी करून घ्या, सगळ्या चाव्यांची. माझ्याकडं एकही नको आता."

सुतार मंगळवारी येतो म्हणालाय. तोवर स्विच रूम उघडी, दाराशी खुर्ची टाकून रात्रपाळीचा हेल्पर.